माहुल माहितीपट: कामाच्या नोंदी

4 नोव्हेंबर 2024

विषय पक्का: मुंबईतल्या तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या आणि तिथून चेंबूरजवळच्या माहुलला हलवलेली कुटुंबं. लांबी 22 मिनिटांच्या आत. निवेदकाचा आवाज नाही, लागेल तिथे पडद्यावर पाटी.

पार्श्वभूमी थोडक्यात, टीममधल्या सगळ्यांनी पाठ करावी अशी. तानसाचं धरण शहापूर तालुक्यातलं. तिथून मुंबईत पाणी आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या मुलुंड, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा दाट वस्तीतून जातात. वाहिन्यांच्या सुरक्षेचा मुद्दा जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि दोन्ही बाजूंची 10-10 मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश झाला. त्यानुसार महापालिकेनं तोडक कारवाई केली. 2017-18 मध्ये ती सर्वाधिक जोरात होती. जे पात्र ठरले त्यांना माहुलच्या एव्हरस्माइल वसाहतीत खोल्या मिळाल्या: 72 इमारती, तळमजला अधिक सात मजले, खोली 225 चौरस फूट, एकूण सदनिका सतरा हजारांच्या वर. शेजार असा: भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, राष्ट्रीय केमिकल्स, टाटांचं वीजकेंद्र, रसायनांच्या साठवण टाक्या.

या विषयावर बातम्या आणि छोटे व्हिडिओ भरपूर झालेत. बहुतेकांचा साचा एकच: बुलडोझर, रडणारी बाई, धूर, आंदोलनाची घोषणा. तो साचा घ्यायचा नाही. आपला कणा अंतर. खोली पक्की मिळाली, पण काम, शाळा, दवाखाना, उधारी देणारा दुकानदार सगळे होते तिथेच राहिले. नकाशावर विद्याविहार ते माहुल हा आठ-दहा किलोमीटरचा मामला आहे आणि तिथेच फसगत होते. ज्या बाईचं घरकाम पायी पाच मिनिटांवर होतं तिला आता शेअर रिक्षा, मग गाडी किंवा बस, मग पुन्हा चाल. भाडं पगारातून जातं ते वेगळंच, वर सकाळचं एक कामाचं घर सुटतं. पडद्यावर हे दिसलं पाहिजे. वाक्यात सांगून भागणार नाही.

11 नोव्हेंबर

माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. म्हणून तीन अर्ज वेगळे केले: वाटप झालेल्या सदनिकांची यादी (नावं वगळून, इमारतनिहाय संख्या), लिफ्टच्या देखभालीचे करार, पाणीपुरवठ्याच्या तक्रारींची नोंदवही. शुल्क प्रत्येकी 10 रुपये, छायाप्रत पानाला 2 रुपये.

अर्जात ‘का’ विचारायचं नाही. ‘लिफ्ट का बंद असते?’ या प्रश्नाला ‘ही माहिती या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो. ‘अमुक ते अमुक काळातील देखभाल कराराची साक्षांकित प्रत द्यावी’ असं मागितलं की टाळणं अवघड होतं. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर कलम 6(3) खाली त्यांनी पाच दिवसांत तो पुढे पाठवायचा असतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. या तारखा एडिटच्या वेळापत्रकाशेजारीच लिहून ठेवा, कारण कागद शूटिंग संपल्यावर येतात आणि पाट्या त्यांच्यावर अवलंबून असतात.

न्यायालयाचे आदेश उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले. बातमीतला मथळा पाटीवर घ्यायचा नाही, आदेशातलं वाक्यच घ्यायचं. 23 सप्टेंबर 2019 च्या आदेशात काय आहे आणि काय नाही हे नीट वाचा. लोकांना माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्या, असं त्यात आहे. ‘न्यायालयाने माहुल रिकामं केलं’ असं अनेक ठिकाणी छापून आलंय. ते चूक.

18 नोव्हेंबर

परवानग्या. वसाहतीच्या आत, घरात आणि जिन्यात त्या घराची आणि इमारतीच्या समितीची संमती पुरते. रस्त्यावर ट्रायपॉड उभा केला की स्थानिक पोलीस ठाण्याला कळवलेलं पत्र खिशात हवं. रेल्वे स्थानकात ट्रायपॉड, बूम, लाइट काहीही काढायचं तर मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आणि शुल्क लागतं. आपल्या खर्चात ते बसत नाही. स्थानकाबाहेरच्या पुलाखालून घेऊ.

ड्रोन नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर, भोवती तेलशुद्धीकरण कारखाने. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर हा सगळा पट्टा लाल, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाण बंद. 250 ग्रॅमच्या आतलं यंत्र असलं तरी लाल पट्ट्यात सूट मिळत नाही. वरून दृश्य हवंच असेल तर इमारतीची गच्ची आहे, आणि खरं सांगायचं तर माहितीपटात ड्रोनचं दृश्य आलं की प्रेक्षक दोन सेकंद कुणाच्याच घरात नसतो.

रिफायनरीच्या भिंतीवर छायाचित्रण मनाईच्या पाट्या आहेत. त्या पाळायच्या. राहणाऱ्याच्या खिडकीतून जे सहज दिसतं तेवढंच, 35 एमएम लेन्सच्या पलीकडे न जाता. टेली लेन्स लावून आतली यंत्रणा जवळ ओढायची नाही. अडवणूक आपली होत नाही, ज्यांच्या खिडकीतून घेतलं त्यांची होते.

25 नोव्हेंबर

संमतीपत्र मराठी, हिंदी आणि तमिळमध्ये, एका पानात. त्यात चार गोष्टी ठळक: काय चित्रित होणार, कुठे दाखवणार, पैसे मिळणार नाहीत, आणि पिक्चर लॉक होईपर्यंत (म्हणजे एडिट पक्का होईपर्यंत) कधीही नाही म्हणता येईल. सही झाल्यावर तेच कॅमेऱ्यावर तोंडी विचारून घ्यायचं. वाचता न येणाऱ्यांना कागद वाचून दाखवताना घरातलं दुसरं माणूस शेजारी असावं.

लोकांची भीती खरी आहे आणि ती रिफायनरीची नसते. ‘मी बोललो तर वाटप रद्द होईल का?’ हा पहिला प्रश्न. दुसरा कुणी विचारत नाही, पण असतो: खोली भाड्याने दिलेली असते किंवा भाड्याने घेतलेली असते. म्हणून इमारत क्रमांक, खोली क्रमांक, दारावरची नावाची पाटी, लाइट बिलावरचा ग्राहक क्रमांक यातलं काहीही चौकटीत येऊ द्यायचं नाही. चेहरा दाखवायला तयार असलेल्या माणसाचाही दरवाजा दाखवू नका.

9 डिसेंबर

चाचणी शूट, एक खोली. 225 चौरस फुटांत स्वयंपाकाचा ओटा, मोरी, पलंग, कपाट आणि माणसं. फुल फ्रेमवर 24 एमएमच्या आत गेलं की कडेचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि खोली आहे त्याहून मोठी वाटते. दुसरा दोष जास्त घातक, कारण विषयच जागेचा आहे. 28 एमएम पक्की. कॅमेऱ्याची जागा दारात किंवा मोरीच्या उंबऱ्यावर. प्रश्न विचारणारा कॅमेऱ्याच्या उजवीकडे जमिनीवर बसेल, कारण बोलणारेही बहुधा जमिनीवरच बसतात आणि खुर्चीवरून विचारलं की नजर वर जाते.

सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. ट्यूबलाइटखाली अडचण नाही. स्वस्त एलईडी बल्ब मात्र या शटरलाही पट्टे मारतात, प्रत्येक कंपनीचा निराळा. उपाय: आपला 9 वॅटचा चांगला बल्ब पिशवीत ठेवा, त्यांच्या होल्डरला लावा, जाताना त्यांचा परत लावून द्या. वेगळा लाइट उभा करायला जागाही नाही आणि गरजही नाही. खिडकी एकच असते. तिच्याकडे पाठ करून कुणाला बसवू नका.

लिफ्टचा भरवसा नाही. सातव्या मजल्यावर जिन्याने जाता येईल एवढंच सामान: एक बॉडी, दोन लेन्स, हलका ट्रायपॉड, रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, एक छोटा शॉटगन माइक, बॅटऱ्या. सगळं मिळून आठ किलोच्या आत. चार्जिंग त्यांच्या सॉकेटवर करायचं नाही. वीजबिल हा इथला नाजूक विषय आहे.

10 डिसेंबर

कालचा आवाज ऐकला. तीन दोष.

पहिला, पंखा. बंद करायला सांगितलं की माणसं अवघडतात, खोली तापते आणि दहा मिनिटांत मुलाखत आटोपती घेतली जाते. पंखा एकवर ठेवा आणि माइक जवळ आणा. वाऱ्याचा झोत थेट माइकवर येत नाही ना तेवढं बघा.

दुसरा, बाहेरची घरघर. कारखान्याचा खालच्या पट्टीतला सततचा आवाज. 80 हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावला की बोलणं स्वच्छ होतं, पण मग जागेची ओळखच जाते. म्हणून रेकॉर्डिंग लो-कटशिवाय करायचं, कापायचं ते मिक्सिंगमध्ये. प्रत्येक खोलीत 60 सेकंद कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्यायचा. एकदा दिवसा, एकदा रात्री अकरानंतर. रात्रीचा फरक कानाला लगेच कळतो.

तिसरा, मंगळसूत्र. कॉलर माइक पदराच्या मध्यावर लावला होता. बोलताना हात हलला की मणी माइकवर आपटत होते, वर बांगड्यांचा किणकिणाट. पदरावर माइक लावूच नये, तो सरकतो. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला, खांद्याच्या बाजूला, मंगळसूत्राच्या रेषेपासून चार बोटं दूर. वायर त्यांनी स्वतः आतून घ्यायची, आपल्यापैकी बाई असेल तिनेच मदत करायची. 2.4 गिगाहर्ट्झचा वायरलेस इथे वायफायच्या गर्दीत तुटतो. वायर असलेला माइक थेट रेकॉर्डरला लावा, शिखर उणे 12 डेसिबलवर, आणि सोबत 12 डेसिबल खालचा दुसरा ट्रॅक. मुलाखतीत माणूस कधी आवाज चढवेल सांगता येत नाही, आणि नेमकं तेच वाक्य हवं असतं.

23 डिसेंबर

कागदांचं चित्रीकरण. चित्रपटातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच, असं दिवसेंदिवस वाटतंय.

जवळपास प्रत्येक घरात एक पिशवी आहे. बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची, गाठ मारलेली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा पलंगाखालच्या पेटीत. आत रेशनकार्ड, जुन्या घराचं लाइट बिल, मतदार यादीतल्या पानाची झेरॉक्स, फोटोपास (झोपडीधारकाचं ओळखपत्र), सर्व्हेची पावती, वाटपपत्र, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. पुनर्वसनाच्या पात्रतेची तारीख (त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा हवा) 1 जानेवारी 1995 होती, मग 1 जानेवारी 2000 झाली, आणि 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून घर असा पर्याय आला. प्रत्येक टप्प्याला पिशवी जाड होत गेली. एकाच छपराखाली राहणारे दोन भाऊ, एकाकडे लाइट बिल, दुसऱ्याकडे नाही: एक पात्र, एक अपात्र. पाटी न लावता हे दाखवायचं असेल तर पिशवी उघडण्यापासून शेवटचा कागद परत आत जाईपर्यंतचा शॉट अखंड ठेवा. हात कागद कोणत्या क्रमाने काढतात तेही बोलकं असतं.

तांत्रिक बाजू: लॅमिनेशन केलेला कागद चकाकतो. खिडकी 45 अंशांवर येईल असा बसवा, पोलरायझर फिरवून चमक मारा. थर्मल कागदावरच्या पावत्या कोऱ्या झाल्यात. त्या कोऱ्याच दाखवा. नाव, आधार क्रमांक, सर्व्हे क्रमांक झाकायला ब्लर वापरू नका. हलका ब्लर किंवा मोझेक असेल तर आकडे पुन्हा ओळखता येतात. काळी पट्टी मारा, आणि तीही शूटच्या वेळी बोटाने किंवा दुसऱ्या कागदाने झाकता आलं तर उत्तम. मूळ फुटेजच निर्धोक राहतं.

6 जानेवारी 2025

हवेचं काय दाखवायचं यावर आज बराच खल झाला. हातातलं पीएम 2.5 चं (हवेतल्या सूक्ष्म कणांचं) यंत्र कॅमेऱ्यासमोर धरून आकडा दाखवायचा मोह होतो. नको. इथली मूळ तक्रार धुळीची नाही, बाष्पशील सेंद्रिय संयुगांची (व्हीओसी) आहे: बेन्झीन, टोल्युइन आणि त्यांचे भाऊबंद. पीएम मीटरला त्यांचा पत्ताही लागत नाही, आणि थंडीत मुंबईत कुठेही तो आकडा वाढलेलाच असतो. व्हीओसी दाखवणारी स्वस्त यंत्रं एकूण बेरीज देतात, कोणता वायू ते सांगत नाहीत, आणि दमटपणाने भरकटतात. विरोधात बसलेला कुणीही जाणकार एका मिनिटात तो शॉट खोडून काढेल आणि सोबत बाकीचा चित्रपटही.

त्यापेक्षा नोंदलेलं जे आहे त्यावर उभं राहा. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने डिसेंबर 2015 मध्ये माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या आरोग्याला हवेमुळे धोका असल्याचं नोंदवलं. ती तक्रार माहुल गावातल्या जुन्या रहिवाशांची होती. म्हणजे तानसाच्या लोकांची मोठी लाट माहुलला आली त्याच्या आधीच हा निष्कर्ष कागदावर होता. पाटी एवढीच करायची: लवादाच्या निकालाची तारीख, खाली पाडकामाची तारीख. विशेषणाची गरज नाही.

8 ऑगस्ट 2018 चा भारत पेट्रोलियममधल्या हायड्रोक्रॅकरचा (तेलशुद्धीकरणातल्या एका युनिटचा) स्फोट घ्यायचा. चाळीसहून अधिक जण जखमी झाले होते. वृत्तवाहिन्यांचं फुटेज परवडणारं नाही. रहिवाशांच्या मोबाइलमध्ये त्या दिवशीचं चित्रण असू शकतं, विचारा.

13 जानेवारी

मोबाइल व्हिडिओ मिळाले. दोन सूचना. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि चित्रणाची मूळ तारीखही पुसली जाते. फोनला केबल लावून मूळ फाइल घ्या, ते जमत नसेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि फोनचा फ्रेम रेट बदलता असतो. तसाच टाइमलाइनवर टाकला की दोन-तीन मिनिटांनी ओठ आणि आवाज वेगळे होतात. ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून स्थिर 25 वर बदलून घ्या, मूळ फाइल वेगळी जपा. उभा व्हिडिओ उभाच ठेवायचा, बाजूला काळं. दोन्हीकडे धूसर पसरलेली प्रतिमा लावायची फॅशन आहे, ती नको.

20 जानेवारी

प्रवासाचा शॉट. घरकाम करणाऱ्या एका ताईंबरोबर माहुलच्या जिन्यापासून त्यांच्या जुन्या वस्तीजवळच्या कामाच्या घरापर्यंत. कट न करता चित्रण करायचं, एडिटमध्ये साडेतीन-चार मिनिटांवर आणायचं. वेग वाढवायचा नाही. फास्ट फॉरवर्ड केलं की प्रवास गमतीदार वाटतो.

शेअर रिक्षात तीन मागे आणि कॅमेरामन चालकाशेजारी असं बसलं की सहप्रवाशांचे चेहरे येतात. त्यांची संमती नसते. म्हणून कॅमेरा मांडीवर, चौकटीत ताईंचा हात, डबा आणि बाहेरचा रस्ता. इथे मोठी अडचण वाहतूक नाही, सूर्य आहे: साडेसातनंतर पूर्वेचा उजेड थेट काचेवर. आधी निघालं तर ताईंचं वेळापत्रक बदलतं, आणि त्यांचं वेळापत्रक आपल्यासाठी बदलायचं नाही. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, बाकी सहन करा.

जुन्या वस्तीच्या जागी वाहिनी आहे आणि शेजारी मोकळा पट्टा. या पट्ट्यावर मुलुंड ते सायन 39 किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक महापालिकेनं जाहीर केला होता. तिथे ताई थांबल्या नाहीत, बोट दाखवून पुढे गेल्या, कामाला उशीर होत होता. थांबवून ‘इथे काय वाटतं?’ विचारण्याची सूचना टीममधून आली, ती फेटाळली. चालत्या माणसाचं ते एक बोट पुरेसं आहे.

27 जानेवारी

साठवण. 4के, 100 मेगाबिट म्हणजे तासाला 45 जीबी. कार्डवरून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, चेकसम (प्रत मूळ फाइलसारखीच आहे का ते तपासणारा आकडा) जुळवून, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरात. तिन्ही जागी जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. संमतीपत्रांचे स्कॅन फुटेजच्या डिस्कवर ठेवू नका. डिस्क हरवली तर नावं आणि चेहरे एकत्र हरवतात.

17 फेब्रुवारी

लिप्यंतरण चालू. यंत्राने केलेलं निम्मं वाया. मुंबईतलं बोलणं एका वाक्यात मराठी, हिंदी, थोडी भोजपुरी किंवा तमिळ असं चालतं, आणि यंत्र एकच भाषा धरून बसतं. ‘पीएपी’चं (प्रकल्पग्रस्त) ‘पापी’ झालं, ‘कट ऑफ’चं (पात्रतेची तारीख) ‘कटाप’. हाताने करायचं. टाइमकोड, बोलणारा, वाक्य, आणि चौथ्या रकान्यात मागे काय ऐकू येतं तेही लिहा. एडिटला त्या रकान्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त होतो.

पेपर एडिटमध्ये (कागदावरच्या जुळणीत) क्रम कालानुसार लावला होता: वस्ती, पाडकाम, माहुल, न्यायालय. तो क्रम मेला. दर दोन मिनिटांनी पुढचं कळतं. नवा क्रम: प्रवास, पिशवी, खोली, मग पाडकामाचे मोबाइल व्हिडिओ, शेवटी कागदातल्या तारखा. पाडकाम चौदाव्या मिनिटाला येतं, तोवर काय तुटलं हे प्रेक्षकाला माहीत झालेलं असतं.

24 मार्च

शेवटची पाटी बदलली. महापालिकेने माहुलमधली नऊ हजारांहून अधिक रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली आहेत, किंमत साधारण साडेबारा लाख. एवढी घरं रिकामी का राहिली, याचं उत्तर चित्रपटात आधीच्या वीस मिनिटांत आहे. पाटीत फक्त संख्या, किंमत आणि खोलीचं क्षेत्रफळ. ‘विडंबना’ हा शब्द तिघांनी सुचवला, तिन्ही वेळा खोडला.

7 एप्रिल

सबटायटल्स. देवनागरी लावताना एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांवर ठेवलं नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. संगणकावर बदल केल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन ओळींपेक्षा जास्त नाही, ओळीत 38-40 अक्षरं. वेलांट्या-उकार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींतलं अंतर रोमन लिपीपेक्षा थोडं सैल. तमिळ मुलाखतीचं भाषांतर बोलणाऱ्या आजोबांच्या नातीकडून तपासून घेतलं. दोन वाक्यांत ‘हाकललं’च्या जागी ‘हलवलं’ पडलं होतं.

28 एप्रिल

पहिलं प्रदर्शन वसाहतीत, दोन इमारतींच्या मधल्या जागेत. तिथे ज्यांना काही खटकेल ते बदलायचं, मग लॉक. सामान: 3,000 ल्यूमेनच्या वरचा प्रोजेक्टर, 8 बाय 6 फुटांचं कापड वरून-खालून बांबूत ताणलेलं (वारा दोन इमारतींमधून जोरात येतो, नुसती चादर पतंग होते), दोन स्पीकर, 15 मीटरची एचडीएमआय केबल आणि सोबत पेनड्राइव्हवर तीच फाइल, कारण लांब केबल ऐनवेळी सिग्नल सोडते. मेमध्ये पुरेसा अंधार व्हायला साडेसात होतात. ध्वनिक्षेपक दहाला बंद, म्हणजे सुरुवात आठच्या आत. कामावरून उशिरा येणाऱ्यांसाठी रविवार ठेवला.

संमतीपत्रांची यादी, नाव आणि टाइमकोडसह, एका व्यक्तीच्या हातात असेल. कुणी ‘मला काढा’ म्हटलं तर तिथल्या तिथे त्या टाइमकोडवर खूण करायची, कारण विचारायचं नाही. पिशवीच्या शॉटमधल्या तिन्ही घरांना आदल्या दिवशी लॅपटॉपवर वेगळं दाखवायचं. शेजाऱ्यांनी त्यांचे कागद त्यांच्याआधी बघू नयेत.